लेकीला शेळ्यांसाठी पहिलं कुत्रं: कारवान की गावठी, पिल्लू की मोठं?

बालाघाट_माळ
लेक ११ वर्षांची, सहावीत. १४ उस्मानाबादी शेळ्या, २ बोकड. आखाडा (शेतातला गोठा) गावापासून दीड किलोमीटर. शनिवार-रविवारी ती आजोबांसोबत शेळ्यांमागं माळावर जाते. कोल्हे आहेत, अधूनमधून लांडगा दिसतो, पण खरा त्रास गावच्या मोकाट कुत्र्यांचा, करडांवर येतात. तिचं म्हणावं असं, तिनं शिकवलेलं, पण खरंच कामाचं कुत्रं आणायचंय. माळेगावच्या यात्रेतून कारवान जातीचं पिल्लू आणावं असं घरात चाललंय. घरात याआधी कुत्रं नव्हतं. जाणत्यांनी सांगावं.

कोरडवाहू
जात मागून बघा, आधी काम ठरवा. शेळ्यांत राहून राखण करणं, आखाड्यावर रात्री भुंकून उठवणं आणि पळतं जनावर धरणं ही तीन कामं एका कुत्र्यात मागाल तर एकही धड मिळणार नाही. कारवान तिसऱ्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं जनावर आहे. वासापेक्षा नजरेवर चालतं, आणि पळणारी वस्तू दिसली की पाय आधी सुटतात, डोकं मागून येतं. तुमच्या माळावर टुणटुण उड्या मारणारं करडू त्याच्या डोळ्याला सशाहून वेगळं दिसत नाही. शेळ्यांत वाढवलं तर निभतंही, पण चुकीला जागा फार कमी. पहिलंच कुत्रं, तेही लेकराच्या हातात, म्हणजे चुका होणारच.

शिवाय वजनाचं गणित बघा. वयात आलेलं कारवान २०-२८ किलोंचं. सहावीतली पोरगी ३० किलोंच्या आसपास. समोर काळवीट किंवा रोही (नीलगाय) उठला तर दोरीच्या कुठल्या टोकाला कोण फरफटत जाईल ते सांगायला नको.

कारवान_प्रेमी
कोरडवाहू, अर्धं पटलं, अर्धं नाही. कारवानला नुसतं 'पळणारं' म्हणून बाजूला टाकू नका. लातूर जिल्ह्यात, जानवळच्या बाजूला हे कुत्रं घराघरात लेकराबाळांत वाढतं. घरच्यांशी मऊ, परक्याला अंगाला हात लावू देत नाही. आखूड केसांचं असल्यानं आपला उन्हाळा इतर जातींपेक्षा बरा सोसतं. लांब केसांचं, कानाला-शेपटीला झालर असलेलं ते पश्मी, तेही आपल्याच भागातलं. नावांचा गोंधळ मात्र आहे. एक केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था) याच कुत्र्याला कारवान म्हणतो, दुसरा मुधोळ म्हणतो, आणि मुधोळ गाव तर कर्नाटकात बागलकोटकडे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं २०२० मध्ये राजापालयम, चिप्पीपराई यांच्यासोबत मुधोळची नोंद केली. त्यामुळे विकणारा 'नोंदणीची जात' म्हणाला तर कोणती नोंद, कुणाकडची, हे विचारा.

पण शेळ्यांमागं एकट्या लेकराबरोबर? नाही, तिथं मीही कारवान देणार नाही. कातडी पातळ. बोरी-बाभळीचा काटा किंवा काटेरी तार लागली की कापडासारखी फाटते, आणि पावसाळ्यात जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. छाती खोल असल्यानं भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ बसायची भीती, त्यातून जनावर काही तासांत जातं. जेवल्यावर किमान तासभर पळवायचं नाही हा नियम लेकराकडून पाळला जाणं कठीण.

रानवाट
कारवानच घ्या हो. लेकराला ससे धरायला मजा येते, कुत्रंही तयार होतं.

कोरडवाहू
रानवाट, हे इथं लिहू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. ससा, घोरपड, काळवीट, रानडुक्कर, कशावरही कुत्रं सोडलं तर गुन्हा मोठ्यांवर बसतो. आणि एकदा रानातलं जनावर धरायची चटक लागलेलं कुत्रं शेळ्यांच्या कामातून गेलंच समजा.

मेंढका
आमच्याकडं कुत्रं विकत आणायची रीत नाही. वाड्यावरच्या, म्हंजी मेंढरं बसवतात त्या तळावरच्या, कुत्रीचं पिल्लू मागून घेतात. तुमाला तेच सांगतो. गावठी घ्या, पण गावातलं नका घेऊ, मेंढरातलं घ्या. दोन्हीत लई फरक. गल्लीतलं पिल्लू माणसाच्या उष्ट्यावर आन् गाडीमागं पळण्यात वाढतं. मेंढरातलं डोळे उघडल्यापासून लेंड्यांच्या वासात असतं, त्याला मेंढरू म्हणजे घरचंच. दिवाळीनंतर वाडे तुमच्या शिवारात बसायला येतात, तवा बघून ठेवा.

आई बघा. तिला दोन-तीन येळा बघा, सकाळी चरायला निघताना आन् संध्याकाळी बसवताना. मेंढरांच्या कडंनं चालते का मधी घुसते? कोकरू ठेचकाळत आलं तर बाजूला होते का दात दाखवते? मोकाट कुत्रं आलं तर पुढं होऊन उभी राहते का मालकाच्या पायात येते? आई जशी तशी दहातली सहा पिल्लं. बापाचं सांगता येत नाही.

पिल्लांत सगळ्यात आधी पायाशी येऊन धोतर ओढतं ते घेऊ नका, अन् कोपऱ्यात दबून बसतं तेबी नको. ताटली आपटा. सगळी दचकतील. दचकून परत वास घ्यायला येतं ते मधलं पिल्लू घ्या. मादी असली तर बिनघोर घ्या, मादी खळं सोडून हिंडत नाही. फक्त माजावर येईल तवा तीन आठवडे लेकराच्या हातात द्यायची नाही. मागं कुत्र्यांचं टोळकं लागतं, आन् ते लेकराला बघत नाही.

ढोरांचा_डॉक्टर
मेंढकादादांच्या सांगण्याला पशुवैद्यकाची जोड देतो. आधी यात्रेचं.

माळेगावात घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी, देवणी बघायला जरूर जा. लेकीलाही न्या. पण पिल्लू तिथून आणू नका. शेकडो कुत्री एका जागी, लसीची खात्री नाही, आणि पार्वो विषाणू लक्षणं दिसायच्या आधीच विष्ठेतून पडत असतो. पिल्लू घरी आणल्यावर ३ ते ७ दिवसांत उलटी, रक्ताचे जुलाब, आणि मग सलाइनवर धावपळ. तुमच्या किंवा शेजारच्या आखाड्यावर गेल्या वर्षात एखादं कुत्रं असं गेलं असेल तर तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशीवर ब्लीचिंग चालतं, शेणामातीच्या जमिनीवर चालत नाही. तिथं लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू आणायचंच नाही.

वय तोंडात बघा. ८ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात पूर्ण असतात. मागच्या दाढा अर्धवट असतील तर ते आईपासून लवकर तोडलेलं आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे, आणि कारण नुसतं कागदी नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांत खेळताना किती जोरात चावलं की समोरचं ओरडतं, हे पिल्लू शिकतं. ते शिकणं राहिलं की लेकराच्या हातावर दात उमटतात. पुढचे कायमचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून येतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दाखवलेल्या पिल्लाला ते दिसले तर विकणारा खोटं बोलतोय.

मग हिरड्या गुलाबी आहेत का बघा, पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचीड. पोट ढोलकीसारखं आणि बरगड्या दिसत असतील तर जंत. बेंबीवर मऊ गाठ असेल तर हर्निया. नरात दोन्ही अंड हाताला लागतात का. नाक कोरडं आहे म्हणून आजारी, असं काही नसतं.

लस: ६-८ आठवड्यांत पहिली मिश्र लस (डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस), मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीला काम करू देत नाही, ते कधी उतरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून एकदाच टोचून भागत नाही. रेबीज ३ महिन्यांना, महिन्याभरानं पुन्हा, मग दरवर्षी. जंताचं औषध पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढं तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते. पिल्लू पिशवीत घालून ताणकाट्यावर मोजा, अंदाजे देऊ नका. गावच्या दवाखान्यात मिश्र लस नसेल तर तालुक्याला विचारा. अवघड दुखण्याला परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं कुत्री बघतात.

उस्मानाबादी_शेळी
डॉक्टरसाहेब, एक राहिलं. शेळी कापली की फुप्फुस, काळीज कुत्र्यापुढं टाकतात.

ढोरांचा_डॉक्टर
बरोबर, ताई, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित आहे. शेळीमेंढीच्या काळजात-फुप्फुसात पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी असतात, त्यात एका बारीक पट्टकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्यानं कच्चं खाल्लं की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात. लेकरू कुत्र्याला कुरवाळून तसंच भाकरीला बसलं की त्याच गाठी लेकराच्या काळजात. म्हणून कच्चं आतडं-काळीज अजिबात नाही. गाठीचा भाग पुरा किंवा जाळा, उकिरड्यावर फेकू नका. साधं जंताचं औषध या कृमीवर चालत नाही, प्राझिक्वान्टेल असलेलं लागतं. शेळ्यांतल्या कुत्र्याला ते दर दीड-दोन महिन्यांनी द्यावं. आणि हात साबणानं, दरवेळी.

उस्मानाबादी_शेळी
आता शेळ्यांत पिल्लू कसं घालायचं ते लिहिते, कारण बहुतेक कुत्री इथंच बिघडतात आणि दोष जातीला जातो.

पिल्लू आणल्यावर पहिले दोन आठवडे शेळ्यांच्या कोठ्याला लागून, तुराट्यांच्या कुडाआड ठेवा. एकमेकांचा वास, आवाज मिळाला पाहिजे, अंगाला अंग नको. घरात आणून चुलीपाशी, लेकीच्या अंथरुणात झोपवलंत तर ते घराचं कुत्रं होईल. मग माळावर नेलं तरी डोळे घराकडं. लेकीला हे सांगणं जड जाईल, पण आधीच सांगा: लाड कोठ्यावर जाऊन करायचे.

मग कळपातल्या दोन जुन्या, शांत शेळ्या निवडा. नुकती व्यालेली नको, ती करडाच्या भीतीनं पिल्लाला भिंतीवर दाबते. शिंगानं हलकं हुसकावणारी एखादी असली तर उत्तम, तिच्याकडून पिल्लू अदब शिकतं. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं, मोठं माणूस उभं. कोपऱ्यात वीतभर फटीचा आडोसा करून ठेवा, शेळी आत येणार नाही पण पिल्लू पळून बसू शकेल. आडोसा नसला की मार खाल्लेलं पिल्लू एक तर कायमचं शेळ्यांना भितं, नाही तर उलटून दात दाखवायला लागतं.

खाणं शेळ्यांपासून लांब. गव्हाणीजवळ भाकरी टाकली की शेळी तोंड घालते, पिल्लू गुरगुरतं, आणि शेळीवर गुरगुरायची सवय तिथून लागते.

चार ते सहा महिने: दोरीवर, कळपाच्या कडेनं. दोरी पाच-सहा फुटांची. लेकीनं दोरी मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायची नाही, हे शंभर वेळा सांगा. हातात घडी करून धरायची, ओढ बसली तर सोडून द्यायची.

सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्ष हा खरा वाईट काळ. कुत्रं दिसायला मोठं झालेलं असतं, डोकं पोराचं असतं. करडांमागं खेळत पळणं, कान ओढणं, शेपटी धरणं. खेळच असतो, पण करडू दमून पडतं, तोंडात रक्त येतं आणि पुढं तो खेळ राहत नाही. या काळात १५ फुटांची दोरी पट्ट्याला बांधून मागं लोळत सोडा. पळायला लागलं की दोरीवर पाय, 'नाही' एकदाच, आणि कळपाबाहेर पाच मिनिटं. मारायचं नाही. मारलं की शेळी दिसली की मार बसतो एवढंच ते शिकतं आणि शेळ्यांपासून लांब राहायला लागतं. राखणीच्या कुत्र्याचा याहून मोठा नाश नाही.

दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत ते आणि करडं एकटी सोडू नका. सव्वा वर्षाला 'तयार झालं' म्हणून मोकळं सोडणारे पुष्कळ, पस्तावणारेही तेवढेच.

व्यायच्या वेळी तरुण कुत्रं लांब. जार (वार) खायला जातं, ओल्या करडाला चाटता चाटता तोंडात धरतं. आणि गाभडलेल्या शेळीचा जार कुत्र्यालाही नको, लेकीच्या हातालाही नको. तो मोठ्या माणसानं हातमोजे घालून पुरायचा.

मेंढका
ताई बराबर बोलल्या. पळायची खोड लई असंल तर लोढणं घाला. ढोराला घालतात तसंच, लहान. एक फुटाचं बाभळीचं दांडकं, मनगटाएवढं नको, दोन बोटं जाड. अर्धा किलोच्या आतबाहेर. पट्ट्याला साखळीनं असं टांगायचं की चालताना गुडघ्याच्या वर हलत राहील, पळालं की पायावर बसंल. जमिनीला टेकलं तर पायात अडकून पडतं. अन् माणूस संग असंल तवाच, झुडपात गुतलं तर जागीच अडकून मरतं.

रानवाट
आमच्याकडे दिवसा अंधाऱ्या खोलीत बांधतात आणि भाकरीत हिरवी मिरची देतात, कुत्रं तिखट होतं. कानही कापतात, ऐकायला चांगलं येतं म्हणे.

ढोरांचा_डॉक्टर
मिरचीनं जुलाब होतात. अंधारात बांधलेलं कुत्रं तिखट होत नाही, घाबरट होतं, आणि घाबरलेलं कुत्रं समोर कोण आहे हे न बघता चावतं. त्या घरात पहिला चावा बहुतेक लेकरालाच बसतो, कारण त्याचीच उंची कुत्र्याच्या तोंडाला येते. कान कापण्याचा ऐकण्याशी संबंध नाही. २०१७ च्या नियमांतही कान-शेपूट कापायला मनाई आहे.

बाभूळबन
लेकीसाठी काही. ११ वर्षांच्या मुलीला पूर्ण कुत्रं सांभाळायला देऊ नका, ठरावीक कामं द्या. तिच्याकडे पाणी, सकाळचं खाणं, गोचीड बघणं आणि शिकवण्याची पाच-पाच मिनिटं. मोठ्यांकडे लस, औषध, रात्रीचं बांधणं-सोडणं आणि मोकाट कुत्र्यांशी गाठ पडली तर ती. परीक्षेच्या महिन्यात कुत्र्याचं पाणी कोण भरणार हे आत्ताच ठरवा.

तिला कुत्र्याची भाषा शिकवा. शेपूट हलतेय म्हणजे खूश, एवढंच मुलांना माहीत असतं आणि ते पुरेसं नाही. अंग ताठ करून थबकणं, तोंड फिरवणं, भूक नसताना ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ 'जवळ येऊ नको'. त्यानंतर गुरगुर. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारायचं नाही. गुरगुर बंद पाडली की चावण्याची सूचनाच बंद होते. खाताना, झोपेत, बांधलेलं असताना आणि तोंडात हाडूक असताना हात लावायचा नाही. काही सोडवायचं तर बदल्यात भाकरीचा तुकडा पुढं करायचा. आणि दोन कुत्री भांडत असतील तर मध्ये पडायचं नाही, दोरी टाकून मागं सरायचं आणि आजोबांना हाक मारायची.

ढोरांचा_डॉक्टर
त्यालाच जोडून. दात लागला, ओरखडा आला किंवा जखमेवर चाटलं, कुत्रं घरचं असो वा लस दिलेलं, आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. रेबीजच्या कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं, तिथं मिळत नसेल तर जिल्हा रुग्णालय. कुत्र्याला १० दिवस बांधून नजरेखाली ठेवा, पण ते १० दिवस संपायची वाट बघत लस थांबवू नका. मुलं चावा लपवतात, कुत्र्याला मार बसेल म्हणून. 'सांगितलंस तर कुत्र्याला कुणी काही करणार नाही' हे तिला आधीच सांगून ठेवा.

बालाघाट_माळ
खाण्याचं कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडं भाकरी-ताक चालेल ना?

बाभूळबन
भाकरी चालते, नुसती भाकरी चालत नाही. २०-२२ किलोंच्या कामाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२००-१३०० किलोकॅलरी लागतात. अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे साडेआठशे. उरलेलं दोन अंडी, शंभर ग्रॅम शिजवलेलं मांस किंवा तेवढीच शिजवून घोटलेली डाळ आणि चमचाभर तेल यातून भरा. भाकरी ताकात कुस्करून द्या. दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, ढाळ लागते, ताक-दही चालतं. वाढत्या पिल्लाला मांस-अंडं जास्त लागतं. नुसत्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय कमानीसारखे होतात, कारण तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहापर्यंत तीन, मग दोन. कांदा-लसूण नको, म्हणजे घरचं कालवण ओतायचं नाही. मनुका, द्राक्षं नको. शिजवलेलं कोंबडीचं हाडूक नको, ते टोकदार फुटतं.

कोरडवाहू
आता रानातल्या विषाचं. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे लाडू, कोल्ह्या-डुकरांसाठी कीटकनाशक घातलेलं पीठ, आणि डुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्ब, हे सगळं आपल्या शिवारात असतं. बांधाला बांध असलेल्यांना कुत्रं आणायच्या आधी सांगून ठेवा. वाटेत पडलेलं खायचं नाही ही सवय पिल्लापासूनच, रोज थोडी.

दुसरं विष आपणच लावतो. ढोरांच्या गोचिडांचं औषध त्याच पंपानं कुत्र्यावर मारतात, किंवा मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन टोचतात. लाळ गळणं, थरथर, झोकांड्या दिसल्या की ताबडतोब दवाखाना. औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरला काय दिलं हे कळल्याशिवाय उपचार अंदाजानंच होतो. गोचीड हातानं चिरडायचा नाही, रॉकेलही नको, चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढायचा. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली बघा. कुत्रं दोन दिवस खात नाही, अंग तापलंय, लघवी चहासारखी, तर गोचिडाचा ताप. थांबू नका.

कारवान_प्रेमी
उन्हाळ्याचं दोन ओळींत. मार्च ते जून माळावर सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच. हाताचा पंजा पालथा करून पाच सेकंद जमिनीवर टेकवा, ठेवता आला नाही तर कुत्र्याचा पायही टिकणार नाही. धाप थांबेना, जीभ गडद लाल, चाल डगमगती, की सावलीत आणून पोट-जांघा साध्या पाण्यानं भिजवा आणि वारा घाला. बर्फ नको, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

मेंढका
बिबट्या हाय का तुमच्याकडं? आष्टी-पाटोद्याकडं हाय. असंल तर एक ध्यानात ठेवा, बिबट्याला कुत्रं म्हणजे घास. कुत्रं संग हाय म्हणून लेकरू सुरक्षित, असं नसतं, उलट हुतं. अंधार पडायच्या आत दोघं घरी. रात्री कुत्रं उघड्यावर साखळीला बांधू नका, त्याला पळताबी येत नाही. जाळीच्या खोपीत कोंडा, भुंकायचं काम आतूनबी हुतं.

बालाघाट_माळ
बिबट्या नाही. ठरलं असं: यात्रेला जायचं, पण कुत्रं बघायलाच. पिल्लू मेंढपाळाच्या वाड्यावरून, मादी, आठ आठवड्यांनंतर. आधी तुराट्यांचा कूड आणि लस. लेक शब्द ठरवायला बसली आहे. 'ये', 'बस', 'हाड' आणि 'छू' असे चार लिहिलेत.

उस्मानाबादी_शेळी
'बस' राहू द्या, बाकी तिन्ही बदला.

'हाड' सगळा गाव म्हणतो, आणि बरोबर दगड येतो. तो शब्द ऐकला की कुत्रं पळून जायलाच शिकतं. सोडायला सांगायचं तर 'टाक' किंवा 'सोड'. 'छू' शिकवूच नका, गल्लीतलं कुठलंही पोरगं गंमत म्हणून ओरडेल आणि तुमचं कुत्रं कुणाच्या तरी पोटरीला लागेल. 'ये' आखाड्यावर दिवसातून पन्नास वेळा माणसांना म्हटलं जातं, कुत्रं ते ऐकायचं सोडून देतं. बोलावण्यासाठी शिट्टी घ्या, खेळाच्या दुकानातली. दोन आखूड फुंका. पहिला आठवडा शिट्टी वाजली की तोंडात अंड्याचा तुकडा, अंतर दोन हात. मग दहा हात, मग कुडाबाहेर दोरीवर, मग शेळ्या समोर असताना. शिट्टी मारून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, आणि दरवेळी बांधायचंही नाही. पाचातल्या चार वेळा तुकडा देऊन परत सोडायचं.

मेंढका
पट्टा नवारीचा शिवा, एक इंच रुंद, आत दोन बोटं जातील एवढा. नायलॉनची दोरी गळ्याला नको. पिल्लू वाढतं, दर रविवारी लेकीनं बोटं घालून बघायचं. साखळी घेताना भोवरकडी असलेली घ्या, नाही तर पीळ बसून आखडते अन् सकाळी कुत्रं खुंट्याला मान लावून बसलेलं दिसतं.